उतरल्यावर सांगतो

पहिल्याच भेटीत ज्या माणसाने माझं वजन चारचौघांत जाहीर केलं, त्याचा पुढे मी इतका विचार करत बसेन असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण बसले आहे खरी. भाजी निवडताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना मधूनच कॅप्टन परकार आठवतात आणि त्यांच्यामागोमाग तो प्रश्न येतो. प्रश्न साधा आहे. त्या शुक्रवारी त्यांनी विमान जिथे उतरवलं, तिथे ते मुद्दाम उतरले, चुकून उतरले, की आपण कुठे आहोत हेच त्यांना कळत नव्हतं? तिन्ही उत्तरं मी आळीपाळीने खरी मानून पाहिली आहेत. एकेक उत्तर दोन-चार दिवस टिकतं आणि मग मीच ते मोडीत काढते.

सौदीत दमामला आमची छोटी विमान कंपनी. विमानं तीन, त्यातलं एक कायम दुरुस्तीला. विमानतळाच्या एका टोकाला आमचा हँगर आणि त्याला चिकटून ऑफिसच्या दोन-तीन खोल्या. आमची विमानं शहरांत जात नसत. वाळवंटात जिथे रस्ता संपतो किंवा मुळात सुरूच होत नाही, तिथे पाइपलाइनचे, खाणींचे, सर्व्हेचे कॅम्प असतात. तिथे खडी दाबून केलेल्या पट्टीवर एका इंजिनाचं विमान उतरवायचं, माणसं सोडायची, माणसं घ्यायची आणि परत यायचं. तिथे टॉवर नाही, दिवे नाहीत. पट्टीच्या दोन्ही कडांना पांढरे रंगवलेले रिकामे ड्रम मांडलेले असतात. त्या दोन ओळींच्या मधे उतरायचं, एवढीच खूण. कोण कधी कुठे जाणार, हवा कशी आहे, इंधन किती भरायचं हे सगळं बघण्याचं काम माझं. माझा नवरा, अभय, अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये आणि मुलगी ईरा इथल्या भारतीय शाळेत. मला सगळं जागच्या जागी लागतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांना माझ्याकडे चिठ्ठ्या लावलेल्या असतात आणि खरं सांगायचं तर माणसांनाही मी मनातल्या मनात लावते. कॅप्टन परकारांच्या डब्यावर काय लिहावं ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तर ते वजन. छोट्या विमानात प्रत्येक माणसाला काट्यावर उभं करावंच लागतं, कोणाला पुढे बसवायचं आणि कोणाला मागे हे त्यावर ठरतं. परकार काट्याशेजारी उभे राहून आधी नुसत्या नजरेने आकडा सांगत. मी नोकरीच्या पहिल्या दिवशी आत शिरले, तर बुटका, काटकुळा, पिकलेल्या मिशीचा एक माणूस माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून आकडा बोलला. आकडा इथे लिहिणार नाही. मी रागाने काट्यावर चढले. काटा बराच पुढे गेला. परकारांनी बुटाच्या टोकाने काट्याला टिचकी मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "मशीन बिघडलीय."

नंतर कळलं की ते सगळ्यांनाच कमी सांगतात आणि सगळ्यांचीच मशीन बिघडलेली असते. बोजड ठेकेदार, ज्यांना काट्यावर चढायची लाज वाटे, ते परकारांपुढे हसत चढत. कागदावर मात्र ते खरा आकडाच लिहीत.

"काय गो बाय, कुठली तू?" त्यांनी विचारलं.

"नाशिकची."

"म्हणजे डोंगराच्या पलीकडची. चालेल."

ते स्वतः मंडणगडकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. एवढं एकच त्यांच्याबद्दल मला नक्की माहीत आहे, कारण त्यांच्या पासपोर्टची प्रत माझ्याकडे होती. बाकी प्रत्येकाला त्यांनी वेगळंच सांगितलेलं. आमचा मेकॅनिक युसूफ पेशावरचा. त्याच्या माहितीत परकारांना दोन बायका होत्या, एक गावी आणि एक मुंबईत. हँगरमधल्या फिलिपिनो पोराला त्यांनी लग्नच न केल्याचं सांगितलं होतं. आमचे मॅनेजर अबू राकान, वयाने परकारांपेक्षा बरेच लहान, त्यांच्या मते कॅप्टनचं आंब्याचं मोठं बागायत होतं आणि ते हौस म्हणून विमान उडवत होते. मी सरळ विचारलं, तेव्हा म्हणाले, "बायको वारली गो. मुलगा हाय पुण्याला." दोन महिन्यांनी तोच मुलगा बंगलोरला होता. मी टोकलं, तर माझ्याकडे इतक्या निरागसपणे पाहिलं की मलाच वाटलं, मी चुकीचं ऐकलं असेल.

थट्टा म्हणावी तर ते कधी हसत नसत. आणि थापा म्हणाव्यात तर त्यातून त्यांना मिळत काय होतं?

त्यांची दोन वाक्यं आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ होती, भाषा येवो न येवो. पहिलं "उतरल्यावर सांगतो". काहीही विचारा, हेच उत्तर. कॅप्टन, आज धूळ आहे, जमेल का? उतरल्यावर सांगतो. कॅप्टन, पगारवाढीचं बोललात का? उतरल्यावर सांगतो. ते परत आले की मी आठवणीने विचारी, तर म्हणत, "आता उतरलो ना? मग आता कशाला?" दुसरं वाक्य संध्याकाळचं. घरी निघण्याआधी माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, "उद्या कुठे पाठवतेस?" उद्याचं वेळापत्रक माझ्या डोक्याच्या वर भिंतीवर टांगलेलं असे. ते त्यांना दिसत असे. तरी विचारायचे. सुट्टी असली तर मी म्हणे, "उद्या कुठे नाही, कॅप्टन," की त्यांचा चेहरा पडायचा. म्हणायचे, "बरं. मग परवाचं बघू."

कंपनीने दिलेले काळे चकचकीत बूट त्यांच्या कपाटात पडून असत. पाहुणे आले की तेवढ्यापुरते ते घालत. विमान उडवायचं ते जुन्या कापडी बुटांत, तळ झिजून पातळ झालेल्या. अबू राकान त्यावरून दर महिन्याला चिडत आणि परकार दर महिन्याला एकच सांगत, "पायाला कळलं पाहिजे." पायाला काय कळायचं असतं ते त्यांनी मलाही कधी फोडून सांगितलं नाही.

त्यांचा सगळ्यात लाडका कॅम्प पाण्याच्या पाइपलाइनचा. दक्षिणेला, वाळू सुरू होते त्या कडेला. तिथे वेल्डर, फिटर, सुतार बहुतेक कोकणातले. चिपळूण, खेड, गुहागर. त्यांचा फोरमन सुर्वे, चाळिशीतला, उंच आणि सारखा घाबरलेला. पट्टीची जबाबदारी सुर्वेची. उंट आले तर हाकलायचे, ड्रम जागेवर ठेवायचे, वादळात पडले तर उभे करायचे. परकार तिथे जायचे तेव्हा पायलटच्या सीटमागे थर्माकोलची पेटी असे. त्यात कोथिंबीर, कढीपत्ता, कधी सोडे, कधी सुकट. त्या पेटीचंही वजन ते करत आणि स्वतःच्या नावावर धरत. "आज मी जरा जाड झालोय," म्हणत.

उतरण्याआधी विमान बरंच खाली आणून कॅम्पवरून एक फेरी मारायची, हा त्यांचा कायदा. उंट दिसतात, माणसं सावध होतात आणि मुख्य म्हणजे वारा कळतो. वारा दाखवायला पट्टीवर कापडी नळी टांगलेली असते खरी, पण तिथल्या नळीच्या उन्हाने चिंध्या झालेल्या. परकार वारा बघायचे तो कॅम्पच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून. एकदा नवा कॅम्प बॉस आला. त्याला ती लांबलचक दोरी, तिच्यावरच्या लुंग्या आणि बनियन नजरेला टोचले. त्याने कपडे कंटेनरच्या मागे, आडोशाला वाळत घालायचा हुकूम काढला. पुढच्या फेरीला परकार उतरले ते तडक त्याच्याकडेच गेले आणि इंग्रजीत म्हणाले, "साहेब, तुम्ही माझं यंत्र हलवलंत." बॉसला आधी काही कळेना. कळल्यावर त्याने दोरी पुन्हा होती तिथे बांधून घेतली आणि म्हणे त्या दिवसापासून स्वतःचा टॉवेलही तिच्यावर टाकू लागला. ही गोष्ट मला सुर्वेने सांगितली. परकारांना विचारलं, तर म्हणाले, "असं झालं होतं?"

तिथे थांबावं लागलं तर ते पोरांच्या क्रिकेटला अंपायर म्हणून उभे राहत. पट्टीच्या बाजूला, जरा उंचावर, खडकाळ जमिनीचा सपाट, टणक तुकडा होता, तेच मैदान. कोणी अपील केलं की परकार बराच वेळ विचार करत आणि म्हणत, "उतरल्यावर सांगतो." एकदा म्हणे एक फिटर तसाच बाद की नाबाद हे न कळता पुढे खेळत राहिला. परकार दमामला पोचल्यावर मला म्हणाले, "त्या फिटरला कळव, आउट होता." मी खरंच कॅम्पवर निरोप दिला. त्यावरून तिथे भांडण झालं.

आणि असा माणूस प्रवासी म्हणून विमानात बसला की त्याची पार गाळण उडायची. कंपनीच्या कामासाठी एकदा मी, अबू राकान आणि ते, असे रियाधला मोठ्या विमानाने गेलो. परकार मधल्या सीटवर. विमान धावायला लागलं तसे त्यांनी डोळे मिटले, ओठ हलायला लागले आणि माझं मनगट असं धरलं की संध्याकाळपर्यंत वळ राहिला. विमान सरळ झाल्यावर मी विचारलं, "कॅप्टन, तुम्हाला भीती वाटते?" तर म्हणाले, "कोण चालवतोय तो दिसत नाय गो. त्याच्या पायात काय हाय कुणास ठाऊक." परत येताना ते रियाधहून भाड्याच्या गाडीने आले.

आमच्या घरी ते चार-पाचदा जेवायला आले असतील. अभयशी त्यांचं छान जमे, कारण दोघांनाही न बोलता तासभर बसता येतं. ईराला मात्र ते दर वेळी विचारत, "तुझं नाव काय?" ती सांगे. मग ते म्हणत, "छान नाव. पहिल्यांदाच ऐकतो." तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा ईरा माझ्याकडे स्वयंपाकघरात धावत आली. "मम्मा, ही इज सो फनी. ही डिड इट अगेन." मीही हसले. हात पुसत बाहेर डोकावले, तर परकार सोफ्यावर बसून भिंतीवरच्या ईराच्या चित्राकडे बघत होते. खाली तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ते वाचत असताना त्यांचे ओठ हलत होते, आमच्याकडे मुंजीतल्या मुलांचे मंत्र पाठ करताना हलतात तसे. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही. आता वाटतं. पण आता सगळ्यातच वाटतं, म्हणून त्या वाटण्यावर माझा भरवसा नाही.

आता तो शुक्रवार. आमच्याकडून त्या कॅम्पला शुक्रवारी विमान जात नसे. पण पाइपलाइनचा एक मोठा व्हॉल्व अडकला होता आणि कंपनीच्या इंजिनिअरला आणि त्याच्या दोन माणसांना तातडीने तिथे पोचायचं होतं. दुपारच्या नमाजनंतर परकार त्यांना घेऊन निघाले. मी कॅम्पच्या सॅटेलाइट फोनवर निरोप दिला. पण तो फोन कंटेनरमध्ये होता आणि फोरमन सुर्वे मैदानात होता, बोलिंग टाकत. आणखी एक गोष्ट त्या दिवशी आम्हा कोणाला माहीत नव्हती. दर शुक्रवारी विमान येत नाही म्हणून ही पोरं पट्टीवरचे पांढरे ड्रम उचलून नेत आणि मैदानाची बाउंड्री आखत. संध्याकाळी खेळ संपला की पुन्हा जागच्या जागी. इतके दिवस कोणाला पत्ता नव्हता.

परकार आले. नेहमीसारखी खालून फेरी मारली. पोरांना वाटलं, कॅप्टन मजेत हात करून चालले. त्यांनीही बॅटा हलवल्या. मग परकारांनी दुसरी फेरी मारली, आणखी खालून. आणि मग वळून सरळ क्रिकेटच्या मैदानात उतरले. स्लिपमधली पोरं जीव मुठीत धरून पळाली. विमान स्टंपांवरून गेलं, पाण्याचा कूलर उडवला आणि बाउंड्रीच्या आत थांबलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

सुर्वेने मला तिथूनच फोन केला.  "मॅडम, ड्रम आमी नेलेले खेळायला. आता सगळ्यांना घरी पाठवतील." मी म्हटलं, आधी सांग, कॅप्टन बरे आहेत ना? तर तो म्हणाला, "बरे हायेत. पण मॅडम, खाली उतरले नि माज्याकडे बघून बोलले, हा कुठला कॅम्प? मला वाटला, मस्करी करतायत. पण मस्करीसारखा नाय वाटला."

मी फोन ठेवला. ज्या मैदानावर हा माणूस अंपायर म्हणून उभा राहिला, ते मैदान त्याला ओळखता येऊ नये? दोन फेऱ्या मारून? आणि ओळखलं असेल, तर स्टंप रोवलेल्या, पोरं उभ्या असलेल्या जागी कोणी विमान उतरवतं का?

दुसऱ्या दिवशी युसूफ एका पायलटला घेऊन गाडीने विमान आणायला गेला. आला तो तिसरीच गोष्ट घेऊन. आदल्या आठवड्यात तिकडे पाऊस झाला होता. "मॅडम, मैं पट्टी पे चल के आया," तो म्हणाला. "उधर उतरता ना, तो अगला पहिया अंदर, जहाज उल्टा. हलवा है, हलवा. कॅप्टनसाब को ऊपर से दिख गया होगा." मला इतकं बरं वाटलं की मी युसूफला माझ्या डब्यातली पुरणपोळी दिली. म्हणजे पहिल्या फेरीत त्यांना ओली पट्टी दिसली, दुसऱ्या फेरीत पोरं बाजूला व्हावीत म्हणून ते खाली आले आणि टणक जागा बघून उतरले. सगळं बसत होतं. त्या रात्री मला छान झोप लागली.

चौकशी झाली ती अबू राकान यांच्या खोलीत. अबू राकान, परकार, पाइपलाइनच्या ठेकेदाराचा सुरक्षा अधिकारी, दमामला बोलावून घेतलेला सुर्वे आणि सुर्वेचं बोलणं इंग्रजीत सांगायला मी. ठेकेदाराच्या माणसाने सुरुवातच केली की कामगारांनी ड्रम हलवले होते, त्यामुळे कॅप्टनची दिशाभूल झाली आणि जबाबदार लोकांना खुरूज लावून, म्हणजे कायमचं घरी, पाठवण्यात येईल. पण ड्रम त्याच संध्याकाळी पुन्हा जागेवर गेले होते. इंजिनिअरने सांगून टाकलं होतं की उतरताना आपण आणि आपल्या माणसांनी डोळे मिटले होते आणि उतरल्यावर ड्रमकडे कोणी पाहिलं नाही. त्यामुळे सगळं येऊन थांबलं परकारांच्या शब्दावर.

अबू राकान यांचं परकारांवर प्रेम होतं. त्यांनी स्वतःच सुटकेचं दार उघडून दिलं. म्हणाले, "कॅप्टन, ड्रम तुम्हाला पट्टीवर दिसले नाहीत. दुसरीकडे दिसले, म्हणून तुम्ही तिथे उतरलात. बरोबर?"

परकारांनी काळे चकचकीत बूट घातले होते. ते बुटांकडे बघत म्हणाले, "ड्रम पट्टीवर होते."

"मग पट्टी ओली दिसली म्हणून दुसरीकडे उतरलात?"

"पट्टी ओली होती ते मला माहीत नव्हतं."

"मग?"

"धूळ होती. माझी चूक झाली."

 मग ठेकेदाराच्या माणसाने सुर्वेला विचारलं, ड्रम कुठे होते? सुर्वेने माझ्याकडे पाहिलं, परकारांकडे पाहिलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब बोलले तसा. जाग्यावरच होते." मी त्याचं इंग्रजी केलं.  अबू राकान यांनी पेन खाली ठेवलं. चुकीच्या जागी विमान उतरवणारा, साठीला टेकलेला वैमानिक, आणि तो स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय. त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. परकारांचं उडणं त्या दुपारी बंद झालं.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता. मी म्हटलं, "कॅप्टन, तुम्ही त्या पोरांना वाचवलंत."

"कोणाला?"

"सुर्वेला. त्या सगळ्यांना. ड्रम मैदानात होते, मला माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी किती वेळा आठवून तपासली आहे. तिच्यात खट्याळपणा नव्हता, दुःख नव्हतं. वाट चुकलेला माणूस पत्ता विचारण्याआधी ज्या नजरेने बघतो, तशी ती होती. "ड्रम पट्टीवर होते ना गो?" ते म्हणाले. मला सांगत होते की विचारत होते, ते मला कळलं नाही.

मग मला त्यांचा राग आला. इतका की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी त्या पोरांसाठी खोटं सांगितलं असेल, तर निदान मला खरं सांगायला काय हरकत होती? आणि खोटं सांगितलं नसेल, तर आपण इतकी वर्षं कोणाच्या हातात माणसं सोपवत होतो? दर सहा महिन्यांनी डॉक्टर त्यांची तपासणी करत होते. डोळे, कान, हृदय, सगळं ठणठणीत. कुठे आहात, हे कोणी विचारत नव्हतं. मी तरी कुठे विचारलं? मीच रोज संध्याकाळी त्यांना सांगत होते, उद्या कुठे जायचं ते.

अभयला मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोन्ही खरं असू शकतं." मला असली उत्तरं आवडत नाहीत.

कागदपत्रं व्हायला थोडे दिवस गेले. त्या दिवसांत परकार ऑफिसला येऊन हँगरच्या सावलीत खुर्ची टाकून बसत. विमान निघालं की उभे राहत, दिसेनासं झालं की बसत. संध्याकाळी माझ्या टेबलाशी मात्र आले नाहीत. सुर्वेने कॅम्पवरून कोणाबरोबर तरी थर्माकोलची रिकामी पेटी परत पाठवली. तिच्या झाकणावर सगळ्या पोरांनी सह्या केल्या होत्या. परकारांनी ती काट्यावर ठेवून तिचं वजन केलं.

त्यांना मुंबईच्या विमानाला सोडायला मी आणि अभय गेलो. सकाळची वेळ होती. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पायात ते कापडी बूट. मी म्हटलं, "आज तुम्ही थोडेच उडवणार आहात?" तर म्हणाले, "असू दे. पायाला कळलं पाहिजे." सीट कडेची मिळाली का, हे त्यांनी अभयला तीनदा विचारलं. अभयने तीनदा सांगितलं. भीतीने विचारत होते, असं मी स्वतःला समजावलं. प्रवासी म्हणून बसायला ते घाबरतातच.

आत जायच्या आधी मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "कॅप्टन, एकच विचारते. त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं ना, कुठे उतरताय ते?"

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "उतरल्यावर सांगतो," ते म्हणाले.

मग ती सह्यांची पेटी काखेत मारून ते निघाले. प्रवाशांची रांग डावीकडे होती. ते उजवीकडे वळले, कर्मचाऱ्यांच्या दाराकडे, जिथून ते इतकी वर्षं आत गेले होते. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांना थांबवलं. परकारांनी खिशावर हात ठेवला, जिथे त्यांचं ओळखपत्र लटकत असे. तिथे काही नव्हतं. ते तसेच हात ठेवून उभे राहिले. पहारेकरी तरुण होता. त्याने त्यांना खांद्याला धरून हळूच वळवलं आणि रांग दाखवली. परकार रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. सवयीने गेले, अभय म्हणाला. 

दुपारी चपात्या लाटत होते, तेव्हा फोन वाजला. मुंबईचा नंबर.

"बाय, उतरलो," ते म्हणाले. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "विचार आता."

माझ्या हाताला पीठ होतं. फोन खांद्यावर धरलेला. प्रश्न तोंडाशी होता. आता ते सांगणार होते, आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्यांनी काय सांगितलेलं मला ऐकवेल, याचा मला काही अंदाज येईना. मी विचारलं, "न्यायला कोण आलंय?"

"मुलगा आलाय. गाडी काढतोय." मग म्हणाले, "पण हे नव्हतं तुला विचारायचं."

"हेच होतं," मी म्हटलं.

ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं.  त्यांना सगळं आठवतंय, सगळं माहीत आहे, असं मला वाटलं. मग त्यांच्याकडे कोणीतरी हाक मारली, बाबा चला म्हणून. परकार घाईघाईने, आमच्या ऑफिसातल्या त्याच रोजच्या आवाजात म्हणाले, "बरं बाय, निघतो. उद्या कुठे पाठवतेस?"

मी हसायला तोंड उघडलं. पलीकडे ते थांबले होते. हसत नव्हते, उत्तराची वाट बघत होते.

"उद्या कुठे नाही, कॅप्टन," मी म्हटलं. "उद्या सुट्टी आहे."

"बरं," ते म्हणाले. "मग परवाचं बघू."